आजीची खतावणी

यंदाच्या स्मरणिकेसाठी ‘अविस्मरणीय रुग्ण’ या विषयावर लेख द्यावा, असे संपादकांचे पत्र आले, तेव्हा प्रथम काही चेहरे मनाशी घोळवले. चाळीस वर्षे दवाखाना चालविलेल्या कोणत्याही डॉक्टरपाशी असे दहा-वीस रुग्ण सहज निघतील. परंतु कागद पुढे ओढला की दर वेळी एकच रुग्ण समोर येऊन बसे, आणि तिच्याविषयी चारचौघांत लिहावे किंवा नाही, हे ठरविण्यात दोन महिने गेले. ही रुग्ण म्हणजे माझी आजी, वडिलांची आई. दांडिया बाजारातील एका किराणा दुकानदाराची पत्नी, एवढीच तिची जगाच्या दफ्तरी नोंद. आपल्यापैकी जी ज्येष्ठ मंडळी त्या भागात वाढली, त्यांनी लहानपणी तिच्या हातचा गुळाचा खडा खाल्लाही असेल.

आजीचा जन्म १९१८ सालचा, बडोदे शहरातलाच. तिचे वडील संस्थानच्या एका कचेरीत कारकून होते. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात प्रयोग करून पाहिला आणि १९०६ साली साऱ्या संस्थानात मुलामुलींना प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, हा इतिहास बडोदेकरांना नव्याने सांगण्याची गरज नाही. त्या कायद्याचा घरगुती अर्थ मात्र मला आजीकडून कळला. मुलीने शिकून करायचे काय, असे तिच्या वडिलांचे स्वच्छ मत होते. पण मूल शाळेत न धाडल्यास दंड होई, आणि सरकारी नोकराला दंड म्हणजे कचेरीत नाचक्की. “मी दंडाच्या भीतीने शिकले,” असे ती हसून सांगे. चार इयत्ता झाल्या. त्यांत बाळबोध लिहिणे-वाचणे आले आणि पाढे आले. आजच्या वाचकांना नुसते पाढे म्हटल्याने कल्पना यावयाची नाही. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी, म्हणजे पावापासून साडेतीनपर्यंतचे अपूर्णांकांचे पाढे तिला अखेरपर्यंत मुखोद्गत होते. मी बायोकेमिस्ट्रीची गणिते कागदावर मांडीत असता ती स्वयंपाकघरातून उत्तर सांगून मोकळी होई, आणि ते बरोबर असे.

१९३४ साली, सोळाव्या वर्षी तिचे लग्न झाले. सासर माहेरापासून दोन गल्ल्यांवर. खाली दुकान, वर माडीवर बिऱ्हाड, मागे चौक आणि विहीर. दुकानात गहू, तूरडाळ, गूळ, शेंगतेल, जिरासर तांदूळ हा नेहमीचा माल तर असेच; शिवाय मराठी घरांना लागणारे जाडे पोहे, आमसुले, गोड्या मसाल्याचे दगडफूल आणि नागकेशर असे जिन्नस आजोबा आवर्जून ठेवीत. संस्थानी नोकरीतील मराठी कुटुंबे हीच मुख्य गिऱ्हाइके. आजोबा स्वभावाने अत्यंत मवाळ. मोडी अक्षर देखणे, हिशेब चोख. परंतु थकलेले पैसे मागावयाचे म्हटले की त्यांना घाम फुटे. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी महाराज निवर्तले, तेव्हा आजोबांनी दुकान बंद ठेवले आणि त्या दिवसांत कुणाकडेही पैशाचा विषय काढला नाही. “महाराज गेले ते निमित्त,” आजी म्हणे, “एरवी तरी कुठे काढीत होते?”

आजीची सहा बाळंतपणे झाली. चार मुले जगली. माझे वडील थोरले. त्या काळातील घरोघरीची ही कथा असल्यामुळे त्यावर अधिक लिहीत नाही. परंतु डॉक्टर वाचकांनी सहा हा आकडा ध्यानात ठेवावा.

१९५१ साली आजोबांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. आजोबा सत्तेचाळीस वर्षांचे, आजी तेहतीस वर्षांची, आणि धाकटा काका अजून पाळण्यात. संस्थान १९४९ च्या १ मे रोजी मुंबई राज्यात विलीन झाले होते. जुन्या कचेऱ्यांची उलथापालथ चालू होती आणि त्यामुळे गिऱ्हाइकांकडील येणी आधीच थकलेली होती. दुकान विकून टाकावे, असा सल्ला नातलगांनी दिला. आजीने तो ऐकून घेतला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबांना आंघोळ घालून, धोतर-कोट-टोपी असा पोशाख करून नेहमीच्या गादीवर आणून बसविले. स्वतः ती आतल्या दाराशी, पडद्याआड पाटावर बसली. गिऱ्हाईक आले की नोकर माल मोजी, ती आतून भाव सांगे; परंतु सांगण्यापूर्वी आजोबांकडे पाही, आणि आजोबा मान हलवीत. हा क्रम अकरा वर्षे, म्हणजे १९६२ साली आजोबा जाईपर्यंत चालला. पडदा मात्र पहिल्या दोन वर्षांतच गेला. कोणी काढला, हे कुणालाच आठवत नाही. एकदा धुवावयास काढला तो परत लागलाच नाही, असे आत्या सांगते.

दुकानावरील पाटी शेवटपर्यंत आजोबांच्या नावाची राहिली. १९६१ च्या जनगणनेचा माणूस आला, त्या वेळी आजी तराजूपाशी उभी होती. त्याने तिच्या व्यवसायासमोर ‘घरकाम’ लिहिले आणि तिनेही ते दुरुस्त केले नाही. हे माझ्या आईने स्वतः पाहिलेले. मला पुढे या गोष्टीचा संताप येई. आजीला येत नसे. “त्याला काय लिहायचे ते लिहू दे, साखर कोण मोजते ते गिऱ्हाइकाला ठाऊक आहे,” एवढेच ती म्हणे.

आजोबांचा हात गेल्यावर हिशेब लिहिण्याचे काम तिच्याकडे आले. आजोबांच्या जुन्या वह्या मोडीत होत्या. त्या लावता याव्यात म्हणून ती त्यांच्याच शेजारी बसून मोडी शिकली. वाचा गेलेला शिक्षक आणि तेहतीस वर्षांची विद्यार्थिनी. ती बोट ठेवून अक्षर मोठ्याने म्हणे, चुकले की आजोबा डाव्या हाताने वहीवर थाप मारीत. लिहिणे मात्र तिने बाळबोधच ठेवले. दिवसभराची रोजकीर्द दुकानात, आणि रात्री सारी निजानीज झाल्यावर कंदिलापाशी खतावणी. पुढे वीज आली, पण बैठक तीच.

तिचा एक नियम होता. दुकानातून घरात जाणारी काडेपेटीसुद्धा ‘घरखाते’ या सदराखाली खरेदीच्या भावाने लिहिली गेली पाहिजे. तेल संपले म्हणून कोणी परस्पर खाली जाऊन डबा भरून आणला, तर त्या रात्री घरात बोलणी बसत. “दुकान आपले आहे म्हणून फुकट नाही. ते सगळ्यांचे आहे,” हे वाक्य आम्ही नातवंडांनी एवढ्यांदा ऐकले, की आम्ही त्याची नक्कल करीत असू.

चलनबदलाची तिची हकिगत सांगितल्यावाचून राहवत नाही. १ एप्रिल १९५७ पासून नवे पैसे आले. रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे झाले. आण्याचे खरे म्हणजे सव्वासहा पैसे. पण सव्वा पैसा नसल्यामुळे सरकारी कोष्टकात एका आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस आणि चार आण्यांचे पंचवीस असे ठरले होते. आजीने हे कोष्टक मोठ्या अक्षरांत, एका बाजूस मराठीत व दुसऱ्या बाजूस गुजरातीत लिहून दुकानात टांगले. आठवड्याभरात गल्लीतील पोरांच्या ध्यानात आले, की तीन आण्यांचे शेंगदाणे एकदम घेतले तर एकोणीस पैसे पडतात, आणि आण्या-आण्याचे तीनदा घेतले तर अठराच. पोरे तीन-तीन फेऱ्या घालू लागली. नोकर चिडला. आजी म्हणाली, “पाढा येतो त्यांना. घालू देत फेऱ्या.” नंतर शेर-पावशेर जाऊन किलो आले, तेव्हाही अशीच दुहेरी कोष्टके लागली, त्यांतले एक अजून माझ्याकडे आहे.

आजीची उधारीची वही हे वेगळेच प्रकरण होते. सामान्य उधारी महिन्याला चुकती व्हावी लागे, आणि ती वसूल करण्यात तिला आजोबांसारखा संकोच नव्हता. कित्येकांना ती फार कडक वाटे. विडी-तंबाखूला उधारी नाही म्हणजे नाही. सख्ख्या भावालाही दिली नाही, आणि तो दोन वर्षे घरी आला नाही. परंतु काही नावांपुढे ती ‘आ.’ असे अक्षर घाली. आ. म्हणजे आजारपण. अशा घरची उधारी मिळविता माणूस कामावर रुजू होईपर्यंत मागावयाची नाही, आणि तोवर माल थांबवायचा नाही. गंमत अशी, की ‘आ.’ घालण्यासाठी त्या घरच्यांनी काही सांगण्याची गरज नसे. रोजच्या मालावरून तिला ते आधीच समजलेले असे. एरवी महिन्याचा माल भरणारे घर रोज पावशेराने नेऊ लागले, साबुदाणा आणि खडीसाखर वाढली, गहू बंद होऊन बाजरी सुरू झाली, की ती गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे नीट पाही. गुजराती बायका तिला ‘काकी’ म्हणत. “आवो बेन, शुं आपुं?” या पहिल्या प्रश्नानंतर ती दुसरा प्रश्न विचारी तो हळू आवाजात.

१९७४ च्या जानेवारीत महागाईविरुद्ध नवनिर्माण आंदोलन पेटले, तेव्हा मी सोळा वर्षांची होते. शेंगतेलाचे भाव भडकलेले, गावोगावी संचारबंदी, आणि जमावाचा राग व्यापाऱ्यांवर. काकांनी फळ्या लावून घ्याव्यात असे सुचविले. आजीने उलट केले. दुकानात किती पोती आणि किती डबे आहेत, कोणत्या भावाने घेतले आणि कोणत्या भावाने विकणार, हे खडूने काळ्या फळीवर लिहून फळी बाहेर मांडली, आणि संचारबंदी उठली की तेवढा वेळ दुकान उघडे ठेवले. दगड आला नाही. दुकानाला त्या महिन्यात तोटा आला, हेही खरे. त्याबद्दल काका पुढे बरीच वर्षे बोलत असत.

येथवर वाचून कोणास वाटेल, की मी देवीचे माहात्म्य लिहीत आहे. तसे नाही. माझ्या आईला विचारले असते तर तिने वेगळी हकिगत सांगितली असती. किल्ल्या आजीच्या कमरेला. साखर मोजून वर येई. पुरुष, मग मुले, मग आजी, आणि सर्वांत शेवटी सुना, हा पंगतीचा क्रम कधी मोडला नाही. सुनांच्या वाट्याला भाजीचा तळ आणि ताक उरे. माझी आई त्या वर्षांत पांढरीफटक दिसत असे, हे मला जुन्या छायाचित्रांतून आज स्पष्ट दिसते. मी दुसऱ्या वर्षाला असताना तिचे हिमोग्लोबिन पाहिले, ते आठ भरले. हे मी आजीला सांगितले, तेव्हा ती काही बोलली नाही. पण त्यानंतर आईसाठी रोज गूळ-शेंगदाण्याची वाटी खालून येऊ लागली, अर्थात घरखात्यात नोंद होऊन. आई मला एकदाच म्हणाली होती, “आईंना गिऱ्हाईक दिसते ग. घरातले माणूस दिसत नाही.”

माझे वैद्यकीय शिक्षण इथल्याच, १९४९ साली निघालेल्या महाविद्यालयात झाले. फीचे आणि पुस्तकांचे पैसे दुकानातून आले. ते ‘डॉक्टर’ या सदराखाली लिहिलेले आहेत, माझे नाव नाही. पहिल्या वर्षी प्रवेश मिळाला त्या रात्रीपासूनच आजीने मला डॉक्टर म्हणावयास सुरुवात केली होती.

१९८२ साली मी इंटर्न असताना आजीने मला दुकानात बोलावून घेतले. समोरच्या गल्लीतील एका गुजराती घरची नवी सून रोज पाटीवरच्या पेन्सिली नेत असे. प्रथम एक-दोन, मग डबीच्या डबी. “त्या घरात पाटीवर लिहिणारे कोणी नाही,” आजी म्हणाली, “आणि तिच्या ओठांना रंग नाही. तू बघ तिला.” मी त्या मुलीला गोडीगुलाबीने वर बोलावले. ती पेन्सिली खात होती. साहलीच्या नळीत हिमोग्लोबिन पाच ग्रॅम भरले. गरोदर होती, आणि ते तिने घरात कुणालाही सांगितलेले नव्हते. वेळेवर लोह मिळाले, बाळंतपण सुखरूप झाले. तो मुलगा आता चाळिशी ओलांडून गेला आहे.

त्या रात्री मी मोठ्या ऐटीने आजीला शास्त्र समजावून दिले. रक्तातले लोह घटले की माणसाला माती, खडू, पेन्सिल, कच्चा तांदूळ, बर्फ असले काहीबाही खाण्याची ओढ लागते. याला पायका म्हणतात, आणि हे वाट्टेल ते चोचीत धरणाऱ्या मॅगपाय पक्ष्याचे लॅटिन नाव आहे. आपल्या चरकसंहितेतही पांडुरोगाच्या पाच प्रकारांत मृद्भक्षणाने होणारा प्रकार सांगितला आहे. फक्त तिथे माती हे कारण आणि पांडुरोग हे कार्य, तर आज आपण ओढ हे लक्षण मानतो. लोह दिले की ही ओढ पुष्कळदा काही दिवसांतच नाहीशी होते, रक्त भरून येण्याच्याही आधी. आजी ऐकत होती. “कच्चा तांदूळसुद्धा?” तिने विचारले. मी म्हटले, “हो, कच्चा तांदूळसुद्धा.” “असे आहे होय,” ती म्हणाली, आणि खतावणी पुढे ओढून लिहू लागली.

आम्ही सर्वांनी लहानपणापासून पाहिले होते, की गिऱ्हाइकाला तांदूळ दाखविताना आजी चार दाणे तोंडात टाकते. तांदूळ जुना की नवा, हे दाताखाली कळते. प्रत्येक जुना दुकानदार असे करतो. त्यात पाहण्यासारखे काही आहे, असे कुणालाही वाटले नाही.

१९८३ साली मी स्वतःचा दवाखाना काढला. १९८५ च्या मार्च महिन्यात आजीला जिना चढताना धाप लागू लागली. ती सदुसष्ट वर्षांची होती. डोळ्याच्या पापणीत रंग नव्हता. हिमोग्लोबिन सात, रक्तपेशी लहान आणि फिकट. चित्र स्पष्ट होते. तिने सांगितले, की जुनी मूळव्याध आहे, कधीमधी रक्त पडते. चातुर्मासात ती एकभुक्त राही, भाजीपाला जेमतेम घेई, जेवणावर चहा पिई. मला कारणे हवी तेवढी मिळाली. मी फेरस सल्फेट सुरू केले. तीन महिन्यांत हिमोग्लोबिन अकराच्या जवळ आले, धाप गेली, आजी पुन्हा दोन्ही वेळा खाली उतरू लागली. मी घरात कौतुक करून घेतले, आणि जुलैमध्ये गोळ्या बंद केल्या.

वाचकांत डॉक्टर आहेत, त्यामुळे माझे काय चुकले हे त्यांना या परिच्छेदाच्या तिसऱ्या ओळीतच कळले असेल. पाळी जाऊन अठरा-एकोणीस वर्षे झालेल्या बाईच्या शरीरातून लोह जाते कुठून, हा प्रश्न मी कोणत्याही अपरिचित रुग्णाबाबत विचारला असता. मलाची तपासणी केली असती, बेरियमचे क्ष-किरण चित्र काढावयास धाडले असते. आजीला मी पोटावर नीट झोपवून तपासलेसुद्धा नाही. मूळव्याध आहे असे ती म्हणाली, आणि आजी म्हणते ते खरे, या बालपणीच्या सवयीने मी ते लिहून घेतले. लिहून घेतले असेही नाही, कारण तिचा केसपेपरच मी काढलेला नव्हता. घरातल्या माणसाचा कोण काढतो?

१९८६ च्या मार्चमध्ये धाप परत आली. या वेळी मी तिला दवाखान्याच्या टेबलावर झोपविले, आणि उजव्या कुशीत, खालच्या बाजूस, लिंबाएवढी कठीण गाठ हाताला लागली. पुढचे सारे अपेक्षित क्रमाने झाले. मलात सूक्ष्म रक्त होते. बेरियमच्या चित्रात मोठ्या आतड्याच्या सुरुवातीलाच भरीव जागा दिसली. एप्रिलमध्ये शहरातील एका निष्णात सर्जनांनी उजवीकडचे आतडे काढले. यकृतावर दोन गाठी आधीच आलेल्या होत्या. त्या काळी त्यापुढे करण्यासारखे फार नव्हते.

शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी मी तिच्यापाशी एकटी होते. तिने विचारले, “हे गेल्या वर्षीच कळले असते का?” खोटे बोलण्याची माझी तयारी होती, पण ती हिशेब विचारावा तशी विचारीत होती. मी म्हटले, “बहुतेक कळले असते.” ती थोडा वेळ छताकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “म्हणजे त्या गोळ्यांचे पैसे फुकट गेले.” आणि मला विचारले, की तू सकाळपासून काही खाल्लेस का.

त्यानंतर ती सोळा महिने जगली. त्यांतले बारा-तेरा महिने चांगले गेले. जखम भरल्यावर ती पुन्हा गादीवर येऊन बसू लागली. भाव काका सांगत, मान ती हलवी. गुजरातेत त्या वेळी लागोपाठच्या दुष्काळाची वर्षे चालली होती, आणि खेड्यांतून नातलगांकडे आलेल्या माणसांमुळे कित्येक घरांची उधारी वाढली होती. ‘आ.’ या अक्षराखाली तिने या घरांचीही नावे घातली. हे आजारपण कसे, असे काकांनी विचारले, तर म्हणाली, “पाऊस पडला की बरे होतील.” १९८७ च्या ऑगस्टमध्ये ती गेली. शेवटच्या तीन आठवड्यांत मॉर्फीन मी स्वतः देत होते. आईने त्या दिवसांत तिची जी सेवा केली, तिच्याविषयी आई कधी बोलली नाही, म्हणून मीही लिहीत नाही.

तेराव्यानंतर काकांनी माळ्यावरच्या वह्या काढल्या. वाळवीने खाल्लेली दोन-तीन वर्षे सोडल्यास १९५१ पासूनच्या सर्व खतावण्या होत्या. रद्दीत घालण्यापूर्वी मी ‘डॉक्टर’ हे सदर पाहावे, एवढ्याच उद्देशाने चाळू लागले. घरखात्यात प्रत्येकाचे पोटसदर होते. आजीचे नाव कुठेच नव्हते. शेवटी ‘खुद्द’ असे एक सदर होते, आणि त्यात बहुधा एकच जिन्नस असे. तांदूळ. दर महिन्याला अर्धा शेर, कधी तीन पावशेर, पुढे किलोच्या मापात. दाण्या-दाण्याने तोंडात टाकलेला तांदूळ तिने महिन्याच्या शेवटी अजमासे वजन करून स्वतःच्या नावे टाकलेला होता, खरेदीच्या भावाने.

मी त्या रात्री जमिनीवर बसून सर्व वह्या क्रमाने लावल्या. १९५१ पासून १९६६ पर्यंत ही नोंद जवळजवळ दर महिन्याला आहे. धाकट्या काकानंतर मूल झाले नाही, तरी पाळीचा स्राव फार होता असे आत्या सांगते. तेव्हा त्या पंधरा वर्षांत तिचे रक्त किती असेल, याची कल्पना करावी. १९६७ पासून नोंद थांबते. पाळी गेल्याचा हा काळ. मग सतरा वर्षे ‘खुद्द’ हे सदर कोरे आहे. एकदा पंढरपूरच्या प्रवासाचा खर्च, एकदा चष्मा, बस्स. १९८४ च्या सप्टेंबरात पुन्हा तांदूळ येतो, पावकिलो. डिसेंबरात अर्धा किलो. १९८५ च्या फेब्रुवारीत पाऊण. मार्चमध्ये मी गोळ्या दिल्या. एप्रिलमध्ये पावकिलोच्या खाली, मे महिन्यात काही नाही, जून-जुलै नाही. जुलैअखेर मी गोळ्या थांबविल्या. नोव्हेंबरात पुन्हा तांदूळ.

मी तिला १९८२ साली पायकाचे शास्त्र समजावून सांगितले होते, हे मला त्या वेळी आठवले. कच्चा तांदूळसुद्धा, असे तिने विचारले होते, तेही आठवले. १९८४ साली ती ओढ परत लागली, तेव्हा तिला तिचा अर्थ कळला असेलच. ती मला का बोलली नाही, याचा मी अनेक प्रकारे विचार केला आहे. नातीला उगाच घोर नको म्हणून असेल. दुकान पाहण्याचा वेळ मोडेल म्हणून असेल. किंवा वहीत लिहून ठेवले आहे, ज्याला पाहायचे तो पाहील, असेही तिला वाटले असेल. तिचा स्वभाव तसा होता. वही रोज रात्री माझ्या डोळ्यांदेखत उघडी असे.

त्यानंतर दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक बाईला, वय काहीही असो, घरी कच्चे काय खाता, हे मी विचारीत आले. सांगावयास लाजतात, पण विचारले की सांगतात. आणि घरातल्या प्रत्येक माणसाचा केसपेपर काढला. आईचा पहिला.

१९८७ च्या खतावणीत ‘डॉक्टर’ हे सदर होतेच. माझे शिक्षण १९८२ सालीच संपले असल्यामुळे ते कोरे असेल असे मला वाटले होते. परंतु तिथे १९८५ च्या मार्चपासून नोंदी होत्या: तपासणी, ५ रुपये, देणे. तपासणी, ५ रुपये, देणे. मी दर वेळी पैसे नाकारीत असे. तिने ते माझ्या खात्यावर जमा धरलेले होते. रात्री-अपरात्रीच्या फेऱ्यांना दहा. शेवटची नोंद तिच्या हातची नाही, काकांच्या अक्षरातली आहे, तिने सांगून लिहविलेली. एकूण बाकी १४५ रुपये.

त्या दिवाळीला वहीपूजनाच्या दिवशी जुनी खाती बंद करावयाची होती. वडिलांनी मला खाली बोलावले, १४५ रुपये मोजून माझ्यापुढे ठेवले आणि वही सहीसाठी पुढे केली. मी नको म्हणणार होते. वडील म्हणाले, “घे. तिचे खाते उघडे ठेवायचे नाही.” मी पैसे घेतले आणि सही केली.